मावशीच्या नावाचं घर

आम्ही ज्या घरात राहायचो ते आमच्या नावावर नव्हतं. ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, हे मला दहाव्या वर्षापासून शिकवलं होतं.

जालन्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथं गावातली शेवटची रिक्षाही थांबायला कुरकुर करायची, तिथं घरकुलाच्या इमारती होत्या. तीन मजले, मजल्यावर चार दारं, प्रत्येक दारामागं एक खोली, ओट्यापुरती जागा आणि मोरी. झोपडपट्टीतल्या लोकांना सोडत काढून ती घरं दिलेली. त्यातले काही राहायला आलेच नाहीत. कुणी गावाकडं परत गेलं, कुणी पोराकडं पुण्याला, आणि घर आमच्यासारख्यांना भाड्यानं दिलं. तसं देणं कायद्यात बसत नव्हतं. ज्याचं नाव यादीत, त्यानंच राहायचं.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. यादीत त्यापुढं नाव एका विधवा बाईचं होतं. ती राजूरला भावाकडं राहायची. नात्याची ना गोत्याची, पण मी तिला मावशी म्हणायचं असं ठरलेलं. तिची एक पेटी आमच्या घरात होती, आणि भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो. आमच्या आजोबांचा फोटो आईनं पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला होता. आजोबांनी पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात आयुष्यभर मेंढरं राखली. ते गेले, मेंढरं गेली, आणि बाबा जालन्याला येऊन बियाण्याच्या गोदामात पोती लावायला लागले. आई त्याच गोदामाच्या शेडमध्ये बी निवडायची. दोघं पहाटेचे उठून त्या अनोळखी माणसाच्या फोटोला उदबत्ती लावायचे. नगरपालिकेतून चेकिंगला कुणी आलं तर फोटोपुढं राख दिसली पाहिजे, असं आईचं म्हणणं होतं.

भाकरी थापता थापता आई माझी परीक्षा घ्यायची.

"तू कोन?"

"मावशीची भाची. शिकायला ऱ्हाते इथं."

"मावशी कुठं गेल्ती?"

"राजूरच्या गणपतीला. चतुर्थीला."

"आन् बाप?"

"बाप गावाकडं ऱ्हातो."

"जल्दी बोल. थांबलीस की संपलं."

विधवा बाईच्या घरात धडधाकट पुरुष दिसला तर प्रश्न निघणार, म्हणून बाबांनी घरात दिसायचं नाही असं ठरलं होतं. जिन्यात अनोळखी आवाज आला की ते ताटावरून उठायचे, चपला हातात घ्यायचे आणि गच्चीवर जायचे. माणूस गेला की आई थाळी वाजवायची, मग ते खाली यायचे. माझे बाबा भित्रे नव्हते. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस तो. पण एखादा नुसता मोबाइलचं सिमकार्ड विकायला आला तरी हातात चपला घेऊन अनवाणी वर जाताना मी त्यांना पाहिलं आहे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तेरा-चौदाव्या वर्षी मी त्यांच्याकडं बघणंच सोडून दिलं. जिन्यात आवाज आला की मी वहीत डोकं घालायची.

खोटं बोलायची मला लाज वाटायची नाही. उलट मी त्यात तरबेज झाले आणि मला त्याचा गर्व वाटायला लागला. शाळेत गृहपाठ राहिला की बाकीच्या मुली रडकुंडीला यायच्या, मी बाईंच्या डोळ्यांत बघून सांगायची आणि बाई मान डोलवायच्या. मला वाटायचं, हुशारी हुशारी म्हणतात ती हीच.

आमच्या समोरच्या दारात दोघी मायलेकी राहायच्या. त्याही आमच्यासारख्याच भाड्यानं. त्या काकू ब्लाऊज शिवायच्या. बदनापूरकडच्या एका गावात त्यांचं सासर होतं. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस पोरीला आणि शिलाई मशीनला घेऊन त्या निघून आल्या होत्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती गणितात पुढं, मी बोलण्यात. माझी उदाहरणं ती सोडवून द्यायची, तिचे निबंध मी लिहायची. पाण्याचा टँकर आला की आम्ही दोघी एकच पाइप धरायचो, एक घागर त्यांची, एक आमची. तिला पालीची भीती, मला अंधाऱ्या मोरीची, त्यामुळं एकमेकींच्या घरात आमचं सारखं जाणं-येणं असायचं.

तिच्यात एकच खोट होती. तिला खोटं बोलता यायचं नाही. मी बाबांचा जुना चष्मा लावून, हातात वही घेऊन चेकिंगवाली व्हायची.

"तुम्ही इथं किती वर्षांपासून राहता?"

ती ओठ चावायची, डोळे मिचकवायची आणि फिसकन हसायची. "आम्ही ना... इथं ना... अगं मला न्हाई येत!"

"असं केलंस तर तुझ्यापायी काकू रस्त्यावर येतील," मी एकदा रागानं म्हणाले. तिचं हसू गेलं. शेवटी काकूंनीच तोड काढली. चेकिंग आलं की हिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्याकडं. घरात कुणी नाही म्हटल्यावर विचारणार कुणाला? "तू हुशार हाईस बाई," काकू मला म्हणाल्या. "तुझ्यावर माझा भरवसा हाय."

आम्ही नववीत होतो. उन्हं तापायला लागली होती आणि शाळा सकाळची झालेली. त्या दिवशी खरोखरच चतुर्थी होती. आई शेडवर गेली होती. बाबांना दोन दिवसांपासून ताप होता, ते घरीच चादर घेऊन पडलेले. काकू रिळं आणायला बाजारात गेल्या होत्या. दुपारी खालून कुणीतरी बाई ओरडली, "चेकिंग आलंऽऽ!" आणि साऱ्या इमारतीतून धडाधड दारं लागली.

बाबा उठले. त्यांना उभं राहता येत नव्हतं. भिंत धरून, चपला उचलून ते गच्चीच्या जिन्याला लागले. वर पत्र्याचा आडोसाही नव्हता. मी समोर धावले. ती दारातच उभी होती, पांढरी पडलेली. "जा आत," मी म्हणाले. तिनं मान हलवली. मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दोघंजण आले. एक मॅडम, चाळिशीच्या, चेहऱ्याला रुमाल गुंडाळलेला, आणि त्यांच्याबरोबर रजिस्टर घेतलेला एक कारकून. मॅडमनी रुमाल सोडला, घाम पुसला आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्या वाईट नव्हत्या. नीट बोलत होत्या.

"इथं कोण राहतं बाळा?"

"माझी मावशी. मी तिची भाची. शिकायला असते."

"मावशी कुठं आहेत?"

"राजूरला गेल्यात. आज चतुर्थी ना."

मॅडमनी भिंतीकडं बघितलं. "हे कोण?"

"काका. वारले."

"कशानं?"

हा प्रश्न आईनं कधी विचारला नव्हता. पण मी थांबले नाही. "कावीळ झाली होती," मी म्हणाले. पुढं कधीतरी कळलं की तो माणूस विहिरीत पडून गेला होता.

कारकुनाची नजर दोरीवर गेली. "हा शर्ट कुणाचा?"

"माझ्या बाबांचा. भेटायला आले होते, विसरून गेले."

तो काही म्हणणार तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. दाबून धरलेला खोकला सुटतो तसा. एकदा, आणि मग परत एकदा. कारकून दाराबाहेर गेला. "वर कोण आहे?" त्यानं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

त्या पावलापासून पुढच्या वाक्यापर्यंत किती वेळ गेला असेल? एक श्वास. तेवढ्यात माझ्या मनात काय काय आलं हे मी पुढं पुष्कळदा जुळवायचा प्रयत्न केला. कधी वाटतं, तापानं फणफणलेला बाप मला दिसला. कधी वाटतं, मला फक्त माझी पकडली जाण्याची भीती होती. मी म्हणाले,

"मॅडम, भाडेकरू इथं नाहीत. समोरच्या घरात आहेत."

कारकुनाचा पाय खाली आला.

"कोण?"

"ब्लाऊज शिवतात त्या. त्यांचे घरमालक पुण्याला असतात."

"कुलूप आहे."

"बाजारात गेल्यात. मशीन आतच आहे. मागच्या गॅलरीतल्या खिडकीतून दिसते."

कारकुनानं दाराचा नंबर लिहिला, मोबाइलनं दाराचा फोटो काढला आणि जिन्याला वळसा घालून, खिडकीच्या फटीतून मशीन बघून आला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "खरं सांगतेस ना?"

"खरंच मॅडम."

त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं होतं. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "चांगलं शीक," म्हणाल्या आणि दोघं खाली उतरले.

मी थाळी वाजवायचं विसरले. बाबा आपणच खाली आले. तोंड लालबुंद झालेलं, पायांचे तळवे भाजलेले. ते सतरंजीवर बसले, तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायले. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी माणूस असला की खालचं सगळं ऐकू येतं. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "तिचं कुलूप काढ. उकडत आसंल पोरीला."

मी कुलूप काढलं. ती दाराला टेकूनच बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. तिचा परकर घामानं भिजला होता.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले."

"बरं." ती उठली, आतून माझी गणिताची वही घेऊन आली. "तीन उदाहरणं चुकल्ती तुझी. करून ठेवली." वही माझ्या हातात देऊन तिनं दार लावून घेतलं. दुपारच्या वेळी आमच्या दोघींच्या घरांची दारं कधी लागायची नाहीत.

संध्याकाळी आईला मी सगळं सांगितलं, फक्त समोरच्या दाराचं गाळून. कावीळ ऐकून आई हसली, तिनं माझी अलाबला घेतली. "माझी लेक वाघीण हाय," ती जिन्यातल्या बायकांना सांगत राहिली. बाबा भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

चार दिवसांनी समोरच्या दारावर नोटीस लागली. पंधरा दिवसांत घर खाली करायचं. काकू आमच्याकडं आल्या आणि ओट्याजवळ मटकन बसल्या. ती पण मागोमाग आली, चौकटीला टेकून उभी राहिली. आई काकूंच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"कुनी सांगितलं आसंल वो? आम्ही कुनाचं काय वाईट केलं?" काकू रडत म्हणाल्या.

"ज्या मेल्यानं सांगितलं त्याच्या घराचं वाटोळं होईल," आई म्हणाली आणि तिनं कडाकड बोटं मोडली.

मी वहीत बघत होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"खालच्या मजल्यावरून कळलं त्यांला," ती आईला म्हणाली. "मी आतून ऐकून राह्यल्ते. खालीच कुनीतरी बोलत व्हतं, पुरुषाचा आवाज व्हता. वर यायच्या आधीच म्हाईत व्हतं त्यांला."

ती हसली नाही. ओठ चावला नाही. डोळेही मिचकवले नाहीत. मी मान वर केली तर ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, आपल्या आईकडं बघत होती. काकूंनी पदरानं डोळे पुसले. "आता कुनाला बोल लावून काय," त्या म्हणाल्या.

त्या पंधरा दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. बोलायची. टँकर आला सांगायची, बाई काय म्हणाल्या ते सांगायची. शाळेत बाकावर शेजारी बसायची. मला वाटायचं, तिनं एकदा शिवी द्यावी, वही फेकावी. मग मीही रडले असते, पाया पडले असते. तिनं तसं काही केलं नाही आणि मलाही विषय काढता आला नाही. मी, जी कुणालाही काहीही सांगू शकत होते.

दुसरी खोली मिळावी म्हणून काकू गावभर फिरल्या. एकट्या बाईला, वर वयात आलेली पोरगी बरोबर, कुणी जागा देईना. शेवटी त्यांचा भाऊ गावाहून टेम्पो घेऊन आला. सामान ते काय, दोन पेट्या, भांडी, आणि ती मशीन. मशीन तिघांनी मिळून उतरवायची असं भाऊ म्हणत होता. बाबा पुढं झाले, "सरका," म्हणाले आणि लोखंडी पायासकट ती मशीन त्यांनी एकट्यानं पाठीवर घेतली. भर दिवसा, सगळ्या इमारतीसमोर, सगळे जिने उतरून ती टेम्पोत ठेवली. त्या दिवशी बाबा कुणापासूनही लपले नाहीत.

टेम्पोच्या हौद्यात ती मशीनला टेकून बसली. मी खाली उभी होते. "पत्र लिही," मी म्हणाले. आमच्या काळात कुणी पत्र लिहीत नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, "तुझं गणित कच्चं हाय. शिकवणी लाव."

तिच्या मामाच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढं बदनापूरला एसटीनं जायला लागायचं. मामानं पाठवलं नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न ठरल्याची बातमी आईनं आणली. काकूंनी आवर्जून बोलावलं होतं. मी परीक्षा आहे म्हणाले. परीक्षा नव्हती. आई-बाबा जाऊन आले. आल्यावर आईनं सांगितलं की नवरा मुलगा बरा आहे, पण वयानं बराच मोठा वाटतो. बाबांनी डब्यात आणलेली बुंदी माझ्यापुढं ठेवली आणि मी खाईपर्यंत तिथंच बसून राहिले.

आम्ही त्या घरात अजून पाच वर्षं राहिलो. आमच्या जिन्यात परत चेकिंग आलं नाही. समोर यादीतले खरे लोक राहायला आले. त्यांचं आमचं फारसं जमलं नाही. एक बदल मात्र झाला. बाबांनी गच्चीवर जाणं सोडलं. एकदा जिन्यात परका आवाज आला, आईनं डोळ्यांनी खूण केली, तरी ते भाकरी मोडत राहिले. "किती डाव जाऊ वर?" ते म्हणाले. आलेला माणूस पत्ता चुकला होता.

मी बारावी झाले, पुढं शिकले. आज मी एका ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं काम करते. लोक चिडून येतात, मी त्यांना शांत करून पाठवते. साहेब म्हणतात, तुला गडबडलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. नवरा चांगला आहे, पण भांडण झालं की एकच म्हणतो, "तुझं खरं कोणतं, हे मला आजवर कळलेलं नाही." मी त्याच्याशी यावरून वाद घालत नाही. घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. तरी दाराची बेल वाजली की मी आधी मनात उत्तर तयार करते आणि मग कडी काढते.

गेल्या वर्षी कामानिमित्त बदनापूरला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर बसले, तर समोरच्या बाकावर ती. ओळखायला वेळ लागला. अंगानं वाळलेली, केस पुढं पांढरे झालेले. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी पाढे म्हणत होती आणि ती मध्येच चूक सुधारत होती. मी जवळ जाऊन बसले. काकू कशा आहेत विचारलं. मामाच्या गावातच आहेत म्हणाली, डोळ्यानं कमी दिसतं, तरी शिवतात. तिनं माझ्या घरचं विचारलं. बाबा गेल्याचं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला.

मग मी बोलले. "त्या दिवशी चेकिंगला मी..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दाराला कान लावूनच बसल्ते मी."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं आस्तं? एकाच्या जागी दोन घरं गेली आस्ती." "तुझ्या बाबांचा खोकला मलाबी ऐकू आल्ता."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तिनं माझ्याकडं नीट वळून बघितलं.

"पन मशीन आत हाय, हे त्यांनी इचारलं नव्हतं," ती म्हणाली. "ते का सांगितलंस?"

मी उत्तर शोधत राहिले. कुणाच्याही प्रश्नाला मी इतकी थांबले नव्हते. गाडी लागली. तिला उलट्या दिशेला जायचं होतं. मी फोन नंबर मागायला हवा होता, तिनंही विचारला नाही. डब्याच्या दारातून बघितलं तर मुलगी परत पहिल्यापासून पाढा म्हणायला लागली होती.

त्या आठवड्यात मी आईला सगळं सांगून टाकलं. आई आता माझ्याजवळच असते. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. ज्या हातांनी तिनं तेव्हा बोटं मोडली होती, ते हात तिनं मांडीवर ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडंच बघत बसली. मग म्हणाली, "तिच्या मायला सांगाया पायजे. मी येते तुझ्यासंगं."

मी हो म्हणाले. पुढच्या रविवारी जाऊ म्हणाले. त्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्याला आईचे गुडघे दुखत होते, असं मीच म्हणाले. मग ऊन वाढलं. मग मुलाची परीक्षा. सुरुवातीला आई शनिवारी साडी काढून ठेवायची आणि विचारायची, "उद्या जायाचं का?"

आता ती विचारत नाही.